नागपूरच्या धंतोलीतलं जेनेटिक क्लिनिक: आमच्या घराचा आठ महिन्यांचा अनुभव

क्लिनिकचं नाव इथे लिहीत नाही, डॉक्टर मॅडमचंही नाही. नाव लिहिलं तर कोणत्या घराची गोष्ट आहे हे आमच्या वस्तीत दोन मिनिटांत कळेल, आणि यात माझ्या धाकट्या जावेचंही बरंच काही येतं. तिला विचारूनच लिहिते आहे. काय लिहायचं नाही तेही तिने सांगितलं आहे. ज्यांना खरंच गरज आहे त्यांना धंतोलीत चौकशी केली की सापडेल, आनुवंशिक आजारांच्या अशा डॉक्टरांची दारं काही गल्लोगल्ली नाहीत.

मी पोस्टात सॉर्टिंगला आहे, एकोणीस वर्षं झाली. राहायला इंदोऱ्याला. मुलगा अकरा वर्षांचा, सिकलसेलचा (रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात तो आजार), एसएस पॅटर्न, म्हणजे नुसता वाहक नाही, प्रत्यक्ष आजारी. चौदा महिन्यांचा असताना त्याच्या हातापायांची बोटं एकदम सुजली, आम्हाला वाटलं पाळण्यातून पडला असेल. सरकारी दवाखान्यात निदान झालं, आणि तेव्हापासून औषध तिथूनच, फुकट. त्या दवाखान्याने माझं लेकरू दोनदा वाचवलं आहे, ते मी विसरणार नाही. पण ओपीडीत आपला नंबर येतो तेव्हा मागे दीडशे माणसं उभी असतात, दर सहा महिन्यांनी समोर नवे डॉक्टर असतात, आणि कागदावर मागच्यांनी लिहिलेलं पुढचे उतरवतात. गेल्या मे महिन्यात तो दोनदा भरती झाला. दुसऱ्या वेळी पाठ आणि मांड्या इतक्या दुखत होत्या की चादरीचा स्पर्शही त्याला सहन होत नव्हता. वॉर्डातल्या एका सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, एकदा जेनेटिक्सवाल्या मॅडमला दाखवा. त्या वेळ देतात."

त्याआधी मी एक चूक केली होती, ती सांगून टाकते, म्हणजे कोणाचे पैसे वाचतील. ऑफिसातल्या एकाच्या सांगण्यावरून एका कंपनीची लाळेची किट मागवली होती. नळीत थुंकायचं, कुरिअरने पाठवायचं, आणि महिन्याभराने 'तुमच्या जीन्सनुसार तुमचं आरोग्य' असा वैयक्तिक अहवाल मोबाइलवर येतो. साडेआठ हजार रुपये. अहवाल अठ्ठावन्न पानांचा आला. कॉफी किती सोसते, टक्कल पडेल का, व्यायाम सकाळचा बरा की संध्याकाळचा, असलं सगळं होतं. ज्या एका जीनमुळे माझं पोर रात्र रात्र रडतं त्याबद्दल एक ओळ नव्हती. त्यांच्या नंबरावर फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, तो आजार आमच्या पॅनलमध्ये येत नाही. मग वैयक्तिक म्हणजे काय, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. पुढे मॅडमनी सांगितलं.

पहिली भेट जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली. मेट्रोने इंदोऱ्याहून काँग्रेसनगर, तिथून पुढे रिक्षा. पहिल्या मजल्यावर तीन खोल्या, भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा फलक, बसायला बाकं. आम्ही साडेदहाची वेळ घेतली होती, आत जायला पावणेएक झाला. दुखणाऱ्या मुलाला दोन तास बाकावर बसवणं सोपं नसतं. मुलाचे बाबा चिडले होते, "आता एवढं आलो तं पाहूनच जाऊ," म्हणून थांबले. वेळ पाळत नाहीत ही या जागेची सगळ्यात मोठी तक्रार, आणि आठ महिन्यांत ती सुधारलेली नाही. आत गेल्यावर उशीर का होतो ते कळतं, पण म्हणून बाहेर बसलेल्या पोराचं दुखणं थांबत नाही. निदान पेशंट मुलांना पडायला एक खाट तरी ठेवावी, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

आत गेलो तर मॅडमनी आधी मुलाला वजनकाट्यावर उभं केलं. २७ किलो. मग फाइल चाळली आणि विचारलं, हायड्रॉक्सियुरियाची ५०० ची कॅप्सूल एक दिवसाआड हे कधी ठरलं? मी म्हटलं, तीन वर्षं झाली. तेव्हा वजन किती होतं? कागदावर १८ लिहिलेलं होतं. त्यांनी आमच्या समोरच हिशेब मांडला. तेव्हा किलोमागे रोजचे सुमारे १४ मिलिग्रॅम पडत होते, आता जेमतेम ९. पोर वाढलं आणि औषध तिथंच राहिलं. तीन वर्षं आम्ही एकही कॅप्सूल चुकवली नव्हती, याचा मला अभिमान होता. तिथल्या तिथे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही सांगितलं तेवढं दिलं."

डोस मात्र त्यांनी लगेच वाढवला नाही. आधी रक्ताची पूर्ण तपासणी, लिव्हर, किडनी. पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत हे पाहूनच आठवड्यातले पाच दिवस एक कॅप्सूल असा केला, आणि मग दर महिन्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. (हा डोस माझ्या मुलाचा आहे. कोणीही वाचून आपल्या मुलाला देऊ नये.) हे औषध काय करतं तेही पहिल्यांदाच कोणी समजावलं. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, हिमोग्लोबिन एफ, ते कोयत्यासारखं वाकत नाही. जन्मानंतर ते कमी होत जातं, म्हणून सिकलच्या बाळाचे पहिले काही महिने बरे जातात. हायड्रॉक्सियुरिया त्या एफला पुन्हा वर आणतं. माझ्या मुलाचं एफ जूनमध्ये १४ टक्के होतं, डिसेंबरमध्ये १९. जूननंतर भरती फक्त एकदा, ऑक्टोबरमध्ये, तीही तापामुळे.

दुसरी गोष्ट त्यांनी विचारली ती डोक्याच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, टीसीडी म्हणतात. या मुलांना लहानपणीच पक्षाघात होऊ शकतो, आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग वाढलेला असला तर तो आधी ओळखता येतो. सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर गेला की धोका. सुई नाही, दुखत नाही, २ ते १६ वर्षांच्या एसएस मुलांची ती दरवर्षी व्हायला हवी. माझ्या मुलाची अकरा वर्षांत एकदाही झाली नव्हती. झाली तेव्हा नॉर्मल निघाली. त्या दिवशी मी रामदासपेठेतून सीताबर्डीपर्यंत चालत आले, रिक्षा करायचं भानच राहिलं नाही.

खोकल्याच्या औषधाबद्दलही असंच. कोडीन असलेलं काही देऊ नका म्हणाल्या. कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं, ते करणारं एन्झाइम, सीवायपी२डी६, प्रत्येकाचं वेगळ्या वेगाने चालतं. काहींत काहीच होत नाही, काहींत इतकं भराभर होतं की लहान मुलाचा श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना ते देऊच नये असं ठरवलं. आणि कधी मलेरियाच्या गोळ्या द्यायची वेळ आली, विशेषतः प्रायमाक्वीन, तर आधी जी६पीडी हे एन्झाइम कमी नाही ना ते पाहायचं. ते त्यांनी करूनच ठेवलं आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं.

माझा अठ्ठावन्न पानांचा अहवालही मी नेला होता. त्यांनी तो खरंच वाचला, हसण्यावारी नेला नाही. म्हणाल्या, यातले बरेचसे आकडे युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासावरून काढलेले असतात, ते आपल्याला किती लागू पडतात हा वेगळाच प्रश्न आहे. आपल्या देशातल्या १० हजार माणसांच्या जीनोमची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, त्यावर काम आता कुठे सुरू आहे. "तुमच्या मुलाचं वैयक्तिक औषध म्हणजे त्याचं आजचं वजन, त्याच्या पांढऱ्या पेशी, त्याचं एफ आणि त्याच्या लिव्हरमधली एन्झाइम्स. त्याच्या जीनचा कागद त्यातला एक भाग आहे."

आता मुख्य गोष्ट.

हे सगळं झाल्यावर मॅडमनी एक कोरा कागद आडवा ठेवला आणि आमचं घराणं काढायला सुरुवात केली. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. माझ्या मुलाचा चौकोन पूर्ण काळा. माझं वर्तुळ अर्धं काळं, मुलाच्या बाबांचा चौकोन अर्धा काळा. आई आणि बाप दोघांकडूनही तो जीन आल्याशिवाय एसएस होत नाही, हे त्या कागदावर एका नजरेत दिसत होतं. मला थोडं थांबून ते पाहावंसं वाटलं. अकरा वर्षं घरात एकच वाक्य ऐकत होते, सासूबाईंचं: "आमच्या घरी असं काई नव्हतं, हे तिच्या माहेरून आलं." माझे आईवडील नातवाला पाहायला यायचे तेही ओशाळून.

मॅडम पुढे विचारत गेल्या. सासरे कशाने गेले, आत्याची मुलं किती, कोणाला कावीळ वारंवार होते का. मग दिराशी आल्या. भाऊजींची तपासणी झाली आहे? नाही. लग्न झालंय? हो, गेल्या वर्षी. मुलं? मी सांगितलं, जाऊबाईला दोन महिने झालेत. मॅडमनी पेन खाली ठेवला. "दोन महिने म्हणजे नेमके किती आठवडे?" आठ. त्यांनी भाऊजींचा चौकोन काढला, शेजारी जावेचं वर्तुळ, आणि खाली एक छोटा शंकरपाळ्यासारखा आकार. पोटातल्या बाळासाठी तोच आकार वापरतात, चौकोन नाही आणि वर्तुळही नाही. "दोघांना याच आठवड्यात पाठवा."

आम्ही म्हटलं, जावेची तपासणी लग्नाआधी झाली होती, तिच्या माहेरी पवनीकडे शिबिरात, निगेटिव्ह आली. तोच कागद पाहून तर आम्ही सगळे निर्धास्त होतो. मॅडम म्हणाल्या, ती सोल्युबिलिटी चाचणी असणार. रक्ताचा थेंब रसायनात टाकतात, गढूळ झालं तर सिकल आहे एवढंच कळतं. वाहक की आजारी हे त्यातून कळत नाही. आणि सिकलचा भाऊबंद असलेला दुसरा दोष, बीटा थॅलेसेमिया, त्यात दिसतच नाही. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी, एचपीएलसी, करायला हवी.

झालीही तशीच. भाऊजी एएस, म्हणजे वाहक. आणि जावेचं सिकल खरंच निगेटिव्ह होतं, पण हिमोग्लोबिन ए२ वाढलेलं, ५.१ टक्के आलं. ती बीटा थॅलेसेमियाची वाहक. दोघांचे दोष वेगवेगळे, दोघं ठणठणीत, आणि तरी प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की बाळाला एकाकडून हे आणि दुसऱ्याकडून ते मिळेल. तो आजार माझ्या मुलाच्या आजारासारखाच असू शकतो. शिबिर घेणाऱ्यांनी त्या कागदावर एवढं जरी लिहिलं असतं की ही प्राथमिक चाचणी आहे, पुढची करून घ्या, तरी दोघांची तयारी लग्नाआधीच झाली असती. मला अजूनही याचा राग येतो. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. मला त्या मोहिमेचं मोल आहे, म्हणूनच म्हणते, माणसाच्या हातात कागद देताना त्या कागदाचा अर्थही दिला पाहिजे.

या क्लिनिकमध्ये तो अर्थ देण्यासाठी एक वेगळी व्यक्ती आहे, जेनेटिक कौन्सेलर. पंचविशीतली मुलगी, डॉक्टर नाही, याच विषयात एमएस्सी. जाऊ आणि भाऊजींसोबत ती पूर्ण एक तास बसली. जावेने विनवून मलाही आत बसवलं होतं. "चारात एक म्हणजे चार मुलांत एक असं नाही," हे तिने चार वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. शेवटी टेबलावर दोन नाणी उडवायला लावली, पुन्हा पुन्हा. दोन्ही छापे आले की ते बाळ. एकदा सलग दोन वेळा आले, तेव्हा जावेचा हात थांबला. मुलीने पाणी दिलं, घाई केली नाही. पुढची तपासणी काय असते तेही नीट सांगितलं. आधी दोघांच्या डीएनएमध्ये नेमका दोष शोधायचा. मग साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा सुईएवढा तुकडा घ्यायचा, त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या नाहीत ना हे तपासायचं, आणि मग बाळाचा डीएनए पाहायचा. गर्भपाताचा थोडा धोका असतो, तोही लपवला नाही. १९९४ च्या कायद्याप्रमाणे गर्भाची अशी तपासणी ठरावीक कारणांसाठीच करता येते, त्यांत हिमोग्लोबिनचे आजार येतात. त्याचे फॉर्म मराठीत होते, तिने ओळ न् ओळ वाचून दाखवली.

भाऊजींनी शेवटी विचारलंच, "तुम्ही आमच्या जागी असता तं काय केलं असतं?" ती म्हणाली, "दादा, मी तुमच्या जागी नाही. जे ठरवाल त्यात आम्ही सोबत आहोत. तपासणी करायची नाही असं ठरवलं तरी." मला त्या वेळी वाटलं, सांगून टाकायचं ना बाई. आता वाटतं, तिने बरोबर केलं. एसएसचं मूल म्हणजे काय हे सांगताना तिने घाबरवलं नाही आणि गोडही केलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, काकूंना विचारा, त्यांच्या घरात ते रोज आहे. मग मी सांगितलं. रात्रीचं सांगितलं, आणि तो शाळेच्या कॅरममध्ये पहिला आला तेही सांगितलं.

जावेच्या डीएनएमध्ये आयव्हीएस १-५ हा दोष सापडला, भारतात थॅलेसेमियाचा सर्वांत जास्त आढळणारा तोच. पुढे काय तपासलं, काय आलं, काय ठरलं, ते तिचं आहे. त्या कागदावरच्या शंकरपाळ्याबद्दल मी एवढंच लिहीन की त्यांना जे ठरवायचं होतं ते त्यांनी पुरेसा वेळ हातात असताना, समजून, दोघांनी मिळून ठरवलं. माझ्या वेळी मला हे दार माहीतच नव्हतं.

मॅडमबद्दल थोडं लिहायला हवं, कारण ही सेवा जशी आहे तशी का आहे ते त्यांच्याकडे पाहिलं की कळतं. त्या सकाळी पेशंट बघतात आणि दुपारी संशोधन करतात. वरच्या मजल्यावर छोटी प्रयोगशाळा आहे. माझ्या मुलाने दुसऱ्या भेटीत विचारलं, तुम्ही दुपारी काय करता? त्या त्याला वर घेऊन गेल्या. डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआरचं यंत्र दाखवलं, ते आमच्या मिक्सरएवढंच आहे. उणे ८० अंशांचा फ्रीजर दाखवला, दार उघडल्यावर वाफ बाहेर आली तेव्हा हा दोन पावलं मागे सरला आणि मग पुन्हा पुढे गेला.

तिथेच त्यांनी आपली गोष्ट सांगितली. मूळच्या गोंदिया जिल्ह्यातल्या, एमबीबीएस नागपुरात, मग बालरोगाचं एमडी. तेव्हा वॉर्डात सख्खे बहीण-भाऊ होते, दोघेही एसएस. घर एक, जेवण एक, जीनमधला दोषही तोच. बहीण शाळेत जायची आणि भाऊ दर महिन्याला वॉर्डात. असं का, याचं उत्तर त्या वेळी त्यांच्या शिक्षकांकडेही नव्हतं. ते शोधायला त्या लखनौच्या एसजीपीजीआय या वैद्यकीय संस्थेत गेल्या, मेडिकल जेनेटिक्सचं डीएम केलं, तीन वर्षं. परत आल्या, कारण पेशंट इथे आहेत. आता त्या तेच शोधत आहेत. कोणाचं एफ जास्त का राहतं, ११व्या गुणसूत्रावरच्या सिकलच्या जीनच्या आजूबाजूला आणि बीसीएल११ए नावाच्या दुसऱ्या जीनमध्ये कोणते फरक आहेत, सोबत अल्फा थॅलेसेमिया असला तर आजार सौम्य होतो का. एकेका नमुन्यासाठी संमती, एथिक्स कमिटी, निधीसाठी अर्ज, अर्ज नामंजूर, पुन्हा अर्ज. एका शोधनिबंधाला चार वर्षं लागली म्हणाल्या. मी विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाल्या, "दर मंगळवारी ओपीडीत पुन्हा तोच प्रश्न समोर येऊन बसतो ना."

मुलाला त्यांनी हा शोध कुठून सुरू झाला तेही सांगितलं. १९१० मध्ये शिकागोच्या हेरिक नावाच्या डॉक्टरांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तात कोयत्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचं छापलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे काही वर्षांत इनग्रॅम यांनी नेमकी जागा काढली: १४६ अमिनो आम्लांची साखळी, तिच्यात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बस, एवढंच. आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी आपल्या भागातल्या सिकलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, म्हणजे आपलं दुखणं जगाला माहीत होऊनही साठाहून जास्त वर्षं झाली. मला ती 'सहावी जागा' लगेच समजली. पिनकोड ४४०००१ म्हणजे आमचं नागपूर जीपीओ. दुसरा आकडा चुकून ५ पडला, ४५०००१ झालं, की पत्र खांडव्याला. बाकी पत्ता अगदी बरोबर असतो. मी हे बोलले तर मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं, पुढच्या पेशंटना सांगीन म्हणाल्या.

संशोधनासाठी त्यांनी मुलाच्या रक्ताचा जादा नमुना मागितला. आधी आम्हाला विचारलं, फॉर्म दिला, घरी नेऊन वाचा म्हणाल्या. नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही हे पहिल्याच पानावर होतं. मग त्यांनी त्यालाही वेगळं विचारलं: "बेटा, तुला चालेल का? नको वाटलं तर नको म्हण." त्याला आजवर टोचताना कोणी विचारलं नव्हतं. त्याने बाबांकडे न बघता हो म्हटलं.

नवीन उपचारांबद्दलही त्या स्पष्ट बोलतात. मुलाच्या मामाने मोबाइलवर वाचलं होतं की जीन कापून हा आजार बरा होतो. मॅडम म्हणाल्या, खरं आहे. अमेरिकेत ८ डिसेंबर २०२३ ला क्रिस्परच्या उपचाराला मान्यता मिळाली. रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून त्यांतलं बीसीएल११एचं बटण बंद करतात, मग एफ वाढतं. पण त्या पेशी परत शरीरात सोडण्याआधी जोरदार केमोथेरपी घ्यावी लागते, आणि तिथली किंमत २२ लाख डॉलर. परदेशातून एक नवी गोळी मागवू असंही एक नातेवाईक म्हणत होते, व्हॉक्सेलोटर. ती सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारातूनच मागे घेतली गेली आहे, हे त्यांनी लगेच सांगितलं. खोटी आशा लावली नाही आणि पोरासमोर 'आपल्याला परवडणार नाही' असंही म्हटलं नाही. त्यापेक्षा उन्हाळ्याचं बोलल्या. नागपूरच्या मेमध्ये घामाने पाणी गेलं की रक्त दाट होतं आणि पेशी वाकायला लागतात. म्हणून शाळेसाठी चिठ्ठी दिली: दर तासाला पाणी, लघवीला जायची मुभा, बारानंतर मैदानावर नाही. कूलरच्या थेट झोतात झोपवू नका, गार पाण्याच्या टाकीत पोहू देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल येतो, प्रमाणपत्र काढून घ्या, हेही तिथेच पहिल्यांदा कळलं.

आता तक्रारी. वेळेचं लिहिलंच. फोन दहा वेळा लावला तर एकदा उचलतात. क्लिनिक फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. पहिल्या भेटीचे दीड हजार, नंतर सातशे, हे बाहेर लिहिलेलं आहे, पण डीएनए तपासण्यांचा खर्च आधी सांगितला नाही. जाऊ आणि भाऊजी दोघांचे मिळून अकरा हजार हे रक्त घेऊन झाल्यावर कळलं. कौन्सेलर मुलगी नंतर आम्हाला सॉरी म्हणाली, पण हे चुकीचंच आहे. माणूस महिन्याच्या पंचवीस तारखेला येतो तेव्हा अकरा हजार खिशात नसतात. रिपोर्टही अजून इंग्रजीतच येतो, त्याखाली मराठीत दोन ओळी हव्यात. हे मी लेखी दिलं आहे.

सासूबाईंचं राहिलं. त्या दिवशीचा घराण्याचा कागद मी घरी आणला, त्याची झेरॉक्स स्टीलच्या कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवली. मी त्यांना काही बोलले नाही. भाऊजींचा एएस रिपोर्ट आल्यावर त्या दोन दिवस गप्प होत्या. मग पावसाळ्यात एका शुक्रवारी त्या स्वतः साडी बदलून तयार झाल्या, एकोणसत्तराव्या वर्षी. म्हणाल्या, "मले पण टोचून घ्यू दे. कोणाकडून आलं ते कळू दे." मेट्रोत शेजारी बसून काही बोलल्या नाहीत. पुढच्या मंगळवारी रिपोर्ट आला, एएस. कौन्सेलर मुलीने त्यांना समजावलं की आजी, यात कोणाचा दोष नसतो, तुम्हालाही तुमच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलं असणार. त्या म्हणाल्या, "ते समजलं बाई." घरी आल्यावर मला माझ्या आईचा नंबर लावून द्यायला सांगितला आणि फोन घेऊन गच्चीवर गेल्या. खाली आल्या तेव्हा अर्धा तास झाला होता. काय बोलल्या ते दोघींपैकी कोणीही मला सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात आमच्या विहारात तपासणीचं शिबिर घ्यायचं ठरलं तेव्हा सोल्युबिलिटीवर थांबायचं नाही, एचपीएलसी पाहिजे, हे सगळ्यांत आधी त्या बोलल्या.

जाणार असाल तर जुने सगळे रिपोर्ट न्या, लहानपणीचेही, आणि घरातलं कोण कशाने आजारी होतं, कोण लहानपणीच गेलं, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहून न्या. गरोदरपणाचा प्रश्न असेल तर थांबू नका, फोन उचलला नाही तर सरळ जा. मुलासाठी पाण्याची बाटली आणि पातळ चादर सोबत ठेवा.

आमची पुढची तारीख मार्चच्या दुसऱ्या मंगळवारची, उन्हाळा लागायच्या आधीची. वजन २९ झालं आहे, म्हणजे पुन्हा हिशेब. मुलाने आपले प्रश्न गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत. पहिला प्रश्न औषधाचा नाही. लिहिलंय: "मॅडम, त्या बहीण-भावातला भाऊ आता कसा आहे?"